वाशिमच्या रस्त्यांवर कोणती 'ॲडव्हेंचर' मोटारसायकल?

डोंगरदऱ्यांतील भटकंतीसाठी म्हणून जाहिरात होणाऱ्या ॲडव्हेंचर मोटारसायकली प्रत्यक्षात बहुतेक वेळा धावतात त्या नोकरी, बाजार आणि गावाच्या रस्त्यांवर. म्हणूनच त्यांची तुलना केवळ अश्वशक्तीच्या आकड्यांवरून करणे पुरेसे नाही. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा या तुलनेसाठी चांगली कसोटी ठरतो. अकोला-वाशिम-हिंगोली राष्ट्रीय महामार्ग, तालुक्यांना जोडणारे डांबरी रस्ते आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाने भरणाऱ्या पांदण वाटा, हे सारे येथे एकाच दिवसाच्या प्रवासात वाट्याला येऊ शकते.

वेग किती हवा?

समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. मात्र त्यावर दुचाकींना बंदी आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरविलेली दुचाकींची कमाल वेगमर्यादा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर ताशी ८० किलोमीटर, तर इतर रस्त्यांवर ६० किलोमीटर आहे. त्यातच सायंकाळी शेतातून अचानक रस्त्यावर येणाऱ्या रोही आणि रानडुकरांचा धोका असतो. साहजिकच अफाट वेगापेक्षा खात्रीचे ब्रेक आणि सहज वळणारी गाडी येथे अधिक मोलाची ठरते.

तीन प्रतिस्पर्धी

रॉयल एन्फिल्डची हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. ४५२ सीसीचे तिचे इंजिन सुमारे ४० अश्वशक्ती देते. वजन १९६ किलो. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २०२२ मध्ये दाखल झाली. तिचे इंजिन २४९ सीसीचे, ताकद २६.५ अश्वशक्ती आणि वजन १६७ किलो. जानेवारी २०२५ मध्ये सादर झालेली हिरोची एक्सपल्स २१० सुमारे २४.६ अश्वशक्तीची असून तिचे वजन १७० किलोच्या आसपास आहे.

यांतील खरा फरक पुढच्या चाकात आहे. हिमालयन आणि एक्सपल्सचे पुढचे चाक २१ इंचांचे आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते आणि दगडांवरून सहज पुढे सरकते. पण डांबरी वळणावर ते दिशा बदलण्यास थोडा वेळ घेते. व्ही-स्ट्रॉमचे १९ इंची चाक शहरात आणि डांबरी रस्त्यावर अधिक चपळ वाटते. तिचे टायर ट्यूबलेस आहेत. आडवाटेवर पंक्चर झाले तर चाक न काढता ते दुरुस्त करता येते, ही सोय लहान नाही. पारंपरिक स्पोकच्या चाकांत ट्यूब असते. हिमालयनला ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय पुढे मिळाला.

वजनाचा हिशेब

ग्रामीण भागातील घराघरांत दिसणारी स्प्लेंडर ११२ किलोची असून तिचे आसन ७८५ मिलिमीटर उंच आहे. या तिन्ही गाड्यांचे आसन मात्र ८२५ मिलिमीटर किंवा त्याहून उंच आहे. मागे माणूस, पुढे पिशवी आणि पायाखाली चिखल असताना पाय जमिनीवर पूर्ण टेकले नाहीत, तर उभी गाडीही कलंडते. तेव्हा हिमालयनचे जादा तीस किलो जाणवल्याशिवाय राहत नाहीत. उलट जोडीने सामानासह लांबचा प्रवास करताना तिची ताकद आणि १७ लिटरची टाकी उपयोगी पडते.

खरेदीत कराचाही विचार हवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला, तर त्याहून मोठ्या इंजिनांवर ४० टक्के लागू झाला. त्यामुळे लहान इंजिनांच्या दोन्ही गाड्यांना किमतीचा लाभ मिळाला.

निवड कशी करावी?

बहुतांश प्रवास डांबरी रस्त्यावर असेल, तर व्ही-स्ट्रॉम सोयीची. शेत आणि पांदण रोजचीच असेल, तर एक्सपल्स उजवी. महिन्यातून अनेकदा शेकडो किलोमीटर जाणाऱ्याने हिमालयनचा विचार करावा. मात्र निर्णयापूर्वी मागे माणूस बसवून गाडी चालवून पाहावी, दोन्ही पाय टेकतात का ते तपासावे आणि सेवा केंद्र आपल्या गावापासून किती दूर आहे, याची चौकशी करावी. गाडी रोज किती निर्धास्तपणे घरी आणते, हे कागदावरच्या अश्वशक्तीपेक्षा या तीन गोष्टींवर अधिक अवलंबून असते.