पासिंगला गाडी ब्रेकवर अडली, तर?

मैत्रिणींनो, आपल्या गटांच्या दारात आता चारचाकी उभी राहू लागली आहे. कुणी भाजीसाठी छोटा हत्ती घेतला, कुणी दुधाच्या कॅनसाठी पिकअप, तर कुणाच्या घरच्यांनी वडापची जीप घेतली आणि कर्ज मात्र ताईने गटातून उचललं. केंद्राची आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना २०१७ साली आली, तेव्हापासून प्रवासी गाडीसुद्धा सदस्य ताईच्या नावावर दिसू लागली. गाडी घेताना हप्ता किती, डिझेल किती, ड्रायव्हरचा पगार किती हे सगळं आपण वहीत मांडतो. पासिंगचं मात्र कुणी मांडत नाही. मग तो दिवस येतो, ड्रायव्हर संध्याकाळी तोंड पाडून परत येतो आणि म्हणतो, "ताई, ब्रेकवर नापास केली."

दुसऱ्या दिवशी बाजार असतो. माल तोडून ठेवलेला असतो. अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "चालव तशीच, कोण बघतंय." दोन, "एजंटला दे, तो करून आणतो." या दोन्हींपासून लांब कसं राहायचं आणि गाडी लवकरात लवकर रस्त्यावर कशी आणायची, ते आज बघू.

आधी पासिंग म्हणजे काय ते थोडक्यात. पिवळ्या नंबरप्लेटची, म्हणजे धंद्याची गाडी असेल तर तिला फिटनेस प्रमाणपत्र लागतं. नव्या गाडीला ते पहिली दोन वर्षं असतं. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी तपासणी होते. पांढऱ्या प्लेटच्या घरच्या गाडीला पंधरा वर्षं हा त्रास नाही. पंधरा वर्षं झाली की नोंदणी पुन्हा करताना गाडी दाखवावी लागते आणि नंतर दर पाच वर्षांनी. जुनी ओमनी स्वस्तात मिळतेय म्हणून घेणाऱ्यांनी आरसीवरची तारीख आधी बघावी.

धंद्याच्या गाडीचं फिटनेस संपलं, तर कायद्याच्या नजरेत तिची नोंदणीच नसल्यासारखी असते. पकडली तर पहिल्या वेळी पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा सापडली तर त्याहून जास्त. दंड एक वेळ भरता येईल, पण अपघात झाला तर विमा कंपनी हेच कारण पुढे करून भरपाईवरून वाद घालते. मग ते पैसे गाडी ज्या ताईच्या नावावर आहे तिच्याकडून वसूल होण्याची वेळ येऊ शकते. गाडी कोण चालवत होतं, हा प्रश्न नंतरचा.

आता ब्रेक. आरटीओच्या ट्रॅकवर गाडी ठराविक वेगाने पळवून ब्रेक मारायला लावतात आणि ती किती अंतरात थांबते, सरळ थांबते की एका बाजूला जाते, हे बघतात. यंत्रावर तपासणी होते तिथे चाकं फिरत्या रोलरवर ठेवतात आणि प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोराने धरतो ते वेगवेगळं मोजतात. डाव्या आणि उजव्या चाकात फार फरक असला तरी गाडी नापास होते. हँडब्रेकही तपासतात, आणि गावाकडच्या बऱ्याच गाड्या तिथेच अडकतात. आपल्याकडे हँडब्रेक ओढायचा सोडून चाकाखाली दगड लावायची सवय आहे.

ड्रायव्हर म्हणेल, "ब्रेक एकदम ओके आहे, साहेबांनी मुद्दाम केलं." मुद्दाम केलेलं असूही शकतं, पण आधी त्याच्या म्हणण्याचा विचार करा. रोज तीच गाडी चालवणाऱ्याचा पाय ब्रेकला सरावलेला असतो. पॅडल रोज थोडं थोडं खाली जात असेल तर त्याच्या ध्यानातच येत नाही. चार चाकांपैकी तीनच धरत असतील तरी रिकामी गाडी सावकाश थांबतेच. अंगावर येतं ते माल भरल्यावर, उतारावर, एखादं पोर आडवं आल्यावर. ताशी ३० किलोमीटरने गाडी एका सेकंदात साधारण आठ मीटर जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं.

म्हणून नापास झाल्यावर पहिलं काम म्हणजे कारण लेखी घेणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ मध्ये स्पष्ट आहे की प्रमाणपत्र नाकारलं तर नाकारण्याची कारणं मालकाला लेखी द्यायची असतात. ही मेहेरबानी नाही, तुमचा हक्क आहे. "ब्रेक खराब" एवढ्या दोन शब्दांवर परत येऊ नका. कुठलं चाक, पुढचं की मागचं, पायाचा ब्रेक की हँडब्रेक, ते विचारा. यंत्रावर तपासणी झाली असेल तर आकड्यांचा कागद मागा. तो कागद हातात असला की गॅरेजवाला चारही चाकांचं बिल लावू शकत नाही आणि भलत्याच चाकाचं काम करून तुम्हाला परतही पाठवू शकत नाही. गाडी ज्या ताईच्या नावावर आहे, तिने पासिंगच्या दिवशी स्वतः जावं असं मी म्हणते ते याचसाठी. तिथे बायका कमी दिसतात, हे खरं. एकटीला अवघड वाटत असेल तर गटातली दुसरी कुणी सोबत न्या.

त्यानंतर गाडीत माल भरायचा नाही. एक दिवस भाड्याची गाडी करा, शेजारच्या गटाच्या गाडीत कॅरेट चढवा, पण ब्रेकवर नापास झालेली गाडी बाजाराला धाडू नका. पॅडल तळाला टेकत असेल तर ती गॅरेजपर्यंतही चालवू नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा.

गॅरेजमध्ये काय बघायचं

ब्रेकचं गणित अवघड नाही. आपण पॅडल दाबतो, मास्टर सिलिंडर पाइपमधलं ब्रेक ऑइल ढकलतो, ते ऑइल प्रत्येक चाकाजवळ जाऊन पॅड किंवा शू दाबतं. पुढे बहुतेक डिस्क आणि पॅड असतात, मागे ड्रम आणि त्यात शू. शूवर जो घासणारा थर असतो त्याला लायनर म्हणतात. या साखळीत कुठेही खोट आली की ब्रेक कमी लागतो.

पॅडल मऊ, स्पंजसारखं लागतंय आणि दोन-तीनदा पंप मारल्यावर ब्रेक धरतोय? पाइपमध्ये हवा शिरली असेल. हवा काढून घ्यावी लागते, आणि ती शिरली कुठून हेही शोधावं लागतं. पाय ठेवून दाबून धरलं तर पॅडल हळूहळू खाली बसतंय? कुठेतरी ऑइल गळतंय किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेलेत. पॅडल दगडासारखं कडक? बूस्टरकडे बघायला सांगा. गाडी एका बाजूला ओढते? एका चाकाचा ब्रेक धरत नाही किंवा दुसऱ्याचा जाम आहे. थोडं चालवून गाडी थांबवा आणि चाकांजवळ हात न्या. हात लावू नका, भाजेल. एकच चाक जास्त गरम लागलं तर तिथला ब्रेक चिकटून राहतोय.

चाक उघडताना तिथे उभं राहा. लायनर किती उरलेत ते डोळ्यांनी दिसतं. मागच्या ड्रममध्ये ओलसर काळा चिखल दिसला तर व्हील सिलिंडर गळतोय. अशा वेळी काही जण शू पेट्रोलने पुसून परत लावतात. तसं करू देऊ नका. ऑइल प्यालेला लायनर पुन्हा नीट धरत नाही, तो बदलावाच लागतो. आणि बदलायचा तर दोन्ही बाजूंचा. उजवीकडे नवा आणि डावीकडे झिजलेला ठेवलात तर रोलरवर तोच फरक दिसेल आणि गाडी पुन्हा नापास होईल. इथे वाचवलेले पैसे दुसऱ्या फेरीत जातात. ड्रमला खोल चरे पडले असतील तर नुसते लायनर बदलून भागत नाही. ड्रम लेथवर घासून घेता येतो, पण त्याला मर्यादा असते. त्यापुढे ड्रम पातळ होतो आणि बदलावाच लागतो.

ब्रेक ऑइल डब्यावर सांगितलेलंच घाला. "आत्तापुरतं" म्हणून कुणी इंजिन ऑइल ओतलं तर आतले सगळे रबर फुगतात आणि अख्खी साखळी उघडावी लागते. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं असतं. अर्धी उघडी बाटली वर्षभर फळीवर ठेवून वापरायची नाही.

काढलेले जुने भाग पिशवीत मागून घ्या आणि पक्कं बिल घ्या. गटाच्या पैशाचं काम असेल तर मासिक बैठकीत ते ठेवायला उपयोगी पडतं, आणि गॅरेजवालाही जरा नीट काम करतो.

नवे लायनर लावल्यावर ते शंभर-दीडशे किलोमीटर बसावे लागतात. त्याआधी ते पूर्ण ताकदीने धरत नाहीत. म्हणून आज काम आणि उद्या ट्रॅक अशी घाई केली तर चांगलं काम होऊनही नापास व्हायचा धोका राहतो. पण फिटनेसची मुदत आधीच संपली असेल तर लायनर बसवायला गाडी रस्त्यावर काढणार कशी? तिथे अडचण होते. यावर एकच उपाय आहे. मुदत संपायच्या महिनाभर आधी गॅरेजमध्ये सगळं उघडून बघायचं आणि तीन आठवडे आधीची तपासणीची वेळ घ्यायची. नापास झाली तरी हातात दिवस उरतात.

एजंटबद्दल दोन शब्द. वेळ घेणं आणि फी भरणं परिवहनच्या पोर्टलवर होतं. सेतू केंद्रात किंवा गावातल्या एखाद्या मुलीकडून मोबाईलवर करून घेता येतं. फॉर्म भरून देण्याचे पैसे कुणी घेतले तर ते समजू शकतं. पण "गाडी नेऊच नका, मी पास करून आणतो" म्हणणारा तुम्हाला फक्त कागद देतो. ब्रेक जसा होता तसाच राहतो, आणि त्याच गाडीतून आपली माणसं जातात.

आणि घाटाचं. कुंभार्ली असो की अणुस्कुरा, डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे, काही तर इंजिनच बंद करणारे ड्रायव्हर आहेत. इंजिन बंद झालं की बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पॅडल कडक होतं. न्यूट्रलवर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, जास्त तापलं तर ऑइल उकळून त्यात बुडबुडे होतात आणि पॅडल पोकळ जातं. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे ड्रायव्हरला ठेवतानाच बजावून सांगा. डिझेलचा हिशोब मागताना फार ताणलं तर तो हेच करणार, हेही लक्षात असू द्या.

खर्चाची सोय सोपी आहे. गाडी बाहेर पडली की रोज दहा रुपये वेगळ्या डब्यात. तीनशे दिवसांचे तीन हजार होतात. पासिंगची फी आणि ब्रेकच्या कामातला मोठा वाटा त्यातून निघतो आणि हप्त्याला हात लागत नाही. बैठकीत ठराव करून वहीत लिहा, म्हणजे डबा मधेच फुटत नाही.

शेवटी, जी गाडी आपली नाही तिच्याबद्दल. मेळाव्याला, प्रदर्शनाला, लग्नाला आपण टेम्पोत मागे बसून जातो. मालाच्या गाडीत असं माणसं भरून जाणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर मागे बसलेल्यांना विम्याचं संरक्षण मिळत नाही. मालाबरोबर मालाची मालकीण किंवा तिची एखादी प्रतिनिधी पुढे केबिनमध्ये बसून गेली तर गोष्ट वेगळी. माणसांसाठी प्रवासी गाडीच ठरवा, आणि ठरवण्याआधी मोबाईलवर एमपरिवहन ॲपमध्ये तिचा नंबर टाका. फिटनेस कुठपर्यंत आहे आणि विमा कुठपर्यंत, दोन्ही तारखा दिसतात. तारीख उलटून गेलेली असेल तर भाडं दोनशे रुपयांनी कमी असलं तरी दुसरी गाडी बघा.