बीजोत्पादनाचा करार आणि वकिलाचा सल्ला

जालना जिल्हा व त्यास लागून असलेला बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुका हा टापू भाजीपाल्याच्या संकरित बीजोत्पादनासाठी ख्याती पावला आहे. मिरची किंवा टोमॅटोच्या मादी झाडावरील कळी उमलण्यापूर्वी तिच्यातील पुंकेसर चिमट्याने काढून टाकावयाचे, नर वाणाचे पराग हाताने लावावयाचे, आणि हे काम शेडनेटमध्ये आठवडेच्या आठवडे चालवावयाचे, हे किती चिकाटीचे व मजुरीचे काम आहे ते करणाऱ्यासच ठाऊक. तथापि हे सर्व श्रम ज्या कागदाच्या भरवशावर केले जातात, तो कागद पुष्कळदा इंग्रजीत असतो आणि न वाचताच त्यावर सही झालेली असते.

अशा करारात पहिला प्रश्न असा की, करार झाला तो कोणाशी? बहुधा कंपनी व शेतकरी यांच्यामध्ये एक ऑर्गनायझर असतो. मूळ बियाणे तोच आणून देतो, उचलही तोच देतो आणि तयार बीही तोच नेतो. करारनाम्यावर केवळ त्याचीच सही असेल, तर पैसे थकल्यावर कंपनी हात वर करण्याचा संभव असतो. ऑर्गनायझर कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी म्हणून सही करीत आहे की स्वतःच्या नावाने, आणि तसे अधिकारपत्र त्याजपाशी आहे काय, हे वकील प्रथम पाहतो. सामान्य वाचकाच्या नजरेतून हीच गोष्ट निसटते.

दुसरी बाब तपासणीची, व खरी मेख तेथेच आहे. बियाण्याची उगवणशक्ती प्रयोगशाळेत काही दिवसांत कळते. परंतु आनुवंशिक शुद्धता पाहण्यासाठी ते शेतात पेरून झाडे वाढवावी लागतात आणि त्यास महिने लागतात. तोवर रक्कम अडून राहते. नमुना शेतकऱ्यासमक्ष काढून मोहोरबंद केला जाईल काय, त्यातील एक भाग त्यास मिळेल काय, निकाल किती दिवसांत लेखी कळविला जाईल, निकाल अमान्य असल्यास फेरतपासणी कोठे होईल, आणि नापास झालेल्या मालाचे काय होईल, या प्रश्नांची उत्तरे करारात नसतील तर ‘नापास’ हा एकच शब्द शेतकऱ्याच्या हंगामाचा निकाल लावतो. मूळ बियाणेच सदोष निघाले तर भरपाई कोणी द्यावी, हेही लिहून घ्यावे. कराराने बीजोत्पादन करणारा शेतकरीदेखील ग्राहक ठरतो व ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिला आहे.

करारनाम्याच्या शेवटच्या पानावर लवादाचे व न्यायालयाचे कलम बारीक अक्षरांत असते. तंटा दूरच्या शहरीच चालेल असे त्यात लिहिलेले असल्यास शेतकऱ्याची निम्मी लढाई तेथेच संपते. ज्या न्यायालयास मुळात अधिकारच नाही त्यास उभय पक्षांच्या संमतीनेही तो देता येत नाही. पण अधिकार असलेल्या अनेकांपैकी एक निवडता येते, म्हणून हे कलम सहीपूर्वीच बदलून मागावे. कंपनीचाच नोकर लवाद म्हणून नेमण्याची तरतूद १९९६ च्या लवाद कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीनंतर टिकत नाही. मात्र तंटा उपस्थित झाल्यानंतर शेतकऱ्याने त्यास लेखी मान्यता दिली तर गोष्ट निराळी. दंडाची मोठी रक्कम पाहूनही घाबरून जाऊ नये. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच देवविते.

वकील निवडताना जमिनीच्या वाटणीचे वा फौजदारी दावे चालविणाऱ्यापेक्षा व्यापारी करार व दिवाणी वसुलीचे काम करणारा पाहावा. कंपनीने सुचविलेला वकील कितीही सज्जन असला तरी तो आपला नव्हे. मुद्रांक विक्रेत्यापाशी मिळणारा छापील मसुदा खोलीच्या भाड्यास चालेल, येथे चालणार नाही. करार वाचून सल्ला देण्याचे शुल्क व पुढे दावा चालविण्याचे शुल्क या दोन भिन्न गोष्टी असून, दोन्ही आधीच लेखी ठरवाव्यात. वसुलीत हिस्सा मागणे वकिलांच्या व्यवसायनियमांत निषिद्ध आहे. एकाच कंपनीचे बी करणारे गावातील दहा-पंधरा उत्पादक एकत्र आल्यास एकच मसुदा एकदाच तपासला जातो व खर्च विभागतो. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हे एकत्र बसणे रोपे लावण्यापूर्वी घडवून आणावे. लागवड झाल्यावर कलम बदलून मागण्याचे बळ शेतकऱ्यापाशी उरत नाही. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यान्वये विनामूल्य विधी साहाय्य मिळू शकते. त्यासाठी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

कोऱ्या कागदावर सही किंवा कोरा धनादेश कोणासही देऊ नये. मराठी प्रत मागावी, आणि दोन भाषांत फरक पडल्यास कोणती प्रत ग्राह्य ते लिहून घ्यावे. कमी मुद्रांकाचा कागद तूट व दंड भरल्याखेरीज पुराव्यात घेतला जात नाही. सही झालेली एक प्रत, बियाणे मिळाल्याची पावती, वजनाच्या चिठ्ठ्या व तपासणीचे पत्र एका पिशवीत जपून ठेवावे. थकलेल्या रकमेचा दावा लावण्यास सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते आणि तेव्हा वकील प्रथम हीच पिशवी मागतो.