जिंकल्यानंतरचे वर्ष

आमच्या घरचा गणपती दीड दिवसाचा. २०२१ साली चतुर्थी १० सप्टेंबरला होती. करोनाचे दिवस, म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरातच बादलीत मूर्तीचे विसर्जन केले. आरास काढली आणि घर एकदम सुनेसुने झाले. अशा रात्री झोप लवकर येत नाही. मध्यरात्र उलटून गेल्यावर बैठकीच्या खोलीत डोकावलो, तो चिरंजीव टीव्हीसमोर ठाण मांडून बसलेले.

"बाबा, बसा. न्यूयॉर्कची फायनल आहे. दोन्ही मुली माझ्याहून फार मोठ्या नाहीत!"

टेनिसमधले मला फारसे कळते अशातला भाग नाही. पंधरा, तीस झाल्यावर पंचेचाळीस न येता चाळीस का येतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. पण त्या रात्री मी बसलो तो शेवटपर्यंत उठलो नाही. एका बाजूला कॅनडाची लेला फर्नांडिस, वय एकोणीस. दुसऱ्या बाजूला इंग्लंडची एमा राडुकानू, वय अठरा.

राडुकानूची हकीकत चिरंजीवांनी मला मध्येमध्ये ऐकवली. वडील रुमानियाचे, आई चिनी, जन्म कॅनडातल्या टोरांटोचा आणि दोन वर्षांची असल्यापासून वास्तव्य लंडनला. त्याच ऑगस्टमध्ये तिचा शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला होता. गणितात आणि अर्थशास्त्रात तिने उत्तम श्रेणी मिळवली होती. जगाच्या क्रमवारीत नंबर होता दीडशेवा. एवढ्या खालच्या नंबराला मुख्य स्पर्धेत थेट प्रवेश नसतो. आधी पात्रता फेरीचे तीन सामने जिंकावे लागतात. ते जिंकण्याची तिची तिलाच एवढी खात्री नव्हती, की परतीचे विमानाचे तिकीट तिने पात्रता फेरी संपण्याच्या सुमाराचे काढून ठेवले होते!

ते तिकीट वाया गेले. पात्रतेचे तीन आणि मुख्य स्पर्धेचे सात, असे दहा सामने ती खेळली आणि दहांत मिळून एकही सेट तिने गमावला नाही. अंतिम सामना ६-४, ६-३ असा जिंकला. शेवटी गुडघा फुटून रक्त आले. त्यावर पट्टी बांधून पोर उभी राहिली आणि प्रतिस्पर्ध्याला परतवता न येणाऱ्या सर्व्हिसने तिने सामना संपवला. पात्रता फेरीतून येऊन असे मोठे अजिंक्यपद मिळवण्याचा पराक्रम आधुनिक टेनिसमध्ये त्यापूर्वी कुणा पुरुषालाही साधला नव्हता. १९७७ साली विम्बल्डन जिंकणाऱ्या व्हर्जिनिया वेडबाई प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवत होत्या. आम्ही बापलेकांनी उरलेसुरले मोदक खाऊन तो विजय साजरा केला.

आता पुढची हकीकत. 'पुढच्या वर्षी लवकर या' असे म्हटल्याप्रमाणे बाप्पा २०२२ साली खरोखरच लवकर आले. ३१ ऑगस्टला चतुर्थी. सकाळी गुरुजींची वाट पाहत, सोवळे नेसून मी दारात उभा, आणि चिरंजीव मोबाइल नाचवीत बाहेर आले.

"बाबा, तुमची राडुकानू पहिल्याच फेरीत गारद! ३-६, ३-६."

हरवणारी होती फ्रान्सची आलिझे कॉर्ने, वय बत्तीस. ही बाई मोठी चिवट. त्या वर्षी जानेवारीत ती प्रथमच एका मोठ्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचली होती, आणि तेवढ्यासाठी तिला त्रेसष्ट स्पर्धा खेळाव्या लागल्या होत्या. एकीला दुसऱ्याच मोठ्या स्पर्धेत अजिंक्यपद आणि दुसरीला त्रेसष्टाव्या वेळी उपांत्यपूर्व फेरी! नियतीने मोठी मौजेची गाठ घातली म्हणायची.

पण त्या वेळी मला हे काही सुचले नाही. मी पटकन बोलून गेलो, "फुसका बार निघाला! गेल्या वर्षीची ती पोर गेली कुठे?"

वाक्य तोंडातून गेले आणि माझे मलाच चपापल्यासारखे झाले. कारण हेच वाक्य, अगदी ह्याच शब्दांत, मी पूर्वी एकदा उच्चारले होते; आणि तेही जिच्याबद्दल बोललो तिच्या तोंडावर.

२०१६ सालची गोष्ट. आमच्या महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत पहिला क्रमांक पटकावला. तिची तयारी मी करून घेतली होती. ढाल महाविद्यालयात आली, प्राचार्यांनी सत्कार केला, आणि खरे सांगायचे तर तिच्याइतकाच मीही फुगून गेलो. पुढच्या वर्षी आम्ही ढाल राखायला गेलो. तिसऱ्या मिनिटाला ती अडखळली, थांबली, वाक्य पुन्हा म्हणून पाहिले आणि मान खाली घालून व्यासपीठावरून उतरली. परतताना एस. टी.त मी शेजारी बसलो होतो. तासभर गप्प राहिलो आणि मग म्हणालो, "गेल्या वर्षीची तू कुठे गेलीस गं?"

ती काही बोलली नाही. त्यानंतर ती वक्तृत्व मंडळाकडे फिरकलीही नाही. मी मनाशी म्हटले, आजकालच्या मुलांना पराभव पचत नाही. अशी वाक्ये आम्हां शिक्षकांच्या खिशात नेहमी तयार असतात.

टेनिसची क्रमवारी कशी ठरते, हे त्या दिवशी दुपारी जेवणे आटोपल्यावर चिरंजीवांनी मला समजावून सांगितले. तिथे हिशेब बावन्न आठवड्यांचा. ह्या वर्षी स्पर्धेत जे गुण मिळवाल ते पुढच्या वर्षी त्याच सुमारास खात्यातून वजा होतात, आणि त्या जागी नव्या कामगिरीचे गुण जमा होतात. विजेतीला दोन हजार गुण. पहिल्या फेरीत हरणारीला दहा. म्हणजे त्या एका सकाळी राडुकानूच्या खात्यातून दोन हजारांवर गुण गेले आणि दहा आले. नंबर अकरावरून एकदम त्र्याऐंशीवर. ह्या हिशेबात एक गंमत आहे. जो मुळात जिंकलाच नाही त्याला गमावण्यासारखे काही नसते. शिक्षा होते ती गेल्या वर्षी जिंकलेल्याला.

यंत्राला असा हिशेब शोभतो. पण आपणही घरोघर तोच मांडत असतो. दहावीत ब्याण्णव टक्के मिळवलेल्या मुलाला अकरावीत सत्तर पडले, की आपल्याला सत्तर दिसत नाहीत, गेलेले बावीस दिसतात.

शिवाय जिंकल्यानंतरचे वर्ष हे आधीच्या वर्षासारखे नसतेच. दीडशेव्या नंबरच्या मुलीचा खेळ कुणी अभ्यासलेला नसतो; अजिंक्य ठरलेल्या मुलीचा प्रत्येक फटका सगळ्याजणी चित्रफिती लावलावून पाहतात. त्यात राडुकानूने विजयानंतर लगेच प्रशिक्षक बदलला, नंतरचाही टिकला नाही. जानेवारीत ऑस्ट्रेलियात ती हरली तेव्हा रॅकेट धरायच्या हाताला फोड आले होते. पहिल्या फेरीत गारद होणारी ती काही पहिलीच विजेती नव्हे. २००५ साली रशियाची कुझनेत्सोवा आणि २०१७ साली जर्मनीची केर्बर ह्या दोघींची न्यूयॉर्कला हीच गत झाली होती. पण कुझनेत्सोवाने २००९ साली फ्रेंच स्पर्धा जिंकली आणि केर्बरने २०१८ साली विम्बल्डन. त्या हरल्या त्या सकाळीही कुणीतरी 'फुसका बार' म्हटले असेलच.

संध्याकाळची आरती झाल्यावर मी जुन्या वहीतून त्या विद्यार्थिनीचा नंबर शोधला. ती आता एका शाळेत शिक्षिका झाली आहे, एवढे ऐकून होतो. पाच वर्षांनी फोन. आधी इकडचेतिकडचे झाले, मग मी धीर करून तो एस. टी.तला प्रसंग काढला आणि माझे चुकले असे सांगितले.

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, "सर, त्या आठवड्यात आई इस्पितळात होती. रात्री तिच्याजवळ मीच असायची. भाषण पाठच झालं नव्हतं."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं, सर."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

पुढे २०२३ च्या मे महिन्यात बातमी आली, की राडुकानूच्या दोन्ही हातांवर आणि एका घोट्यावर शस्त्रक्रिया होणार. हातांच्या हाडाचे दुखणे आपण दहा महिने सोसत होतो, असे तिने सांगितले. मी बोटांवर महिने मोजले. मेपासून मागे दहा महिने म्हणजे २०२२ चा जुलै. अर्थात ज्या सकाळी मी सोवळे नेसून दारात तिला नावे ठेवत होतो, त्या सकाळी ती दुखऱ्या हातांनीच खेळली होती.

त्यानंतरही तिचा खेळ वरखाली होतच राहिला. २०२४ साली विम्बल्डनला चौथी फेरी, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कला पुन्हा पहिल्याच फेरीत पराभव. ज्या मैदानाने तिला अजिंक्यपद दिले, तिथे पुढचा सामना जिंकायला तिला २०२५ चा ऑगस्ट उजाडावा लागला. दोन सामने जिंकून तिसऱ्या फेरीत ती हरली. दुसरे मोठे अजिंक्यपद काही तिला त्या वर्षापर्यंत मिळाले नाही. ते पुढे मिळेल का, ह्याची मी आता चौकशी करीत नाही. ती खेळते आहे, एवढे मला पुरते.

तोही आठवडा गणपतीचाच होता. चतुर्थीच्या संध्याकाळी माझी विद्यार्थिनी पेढ्यांचा पुडा घेऊन दर्शनाला आली. तिच्या शाळेतल्या मुलांना ती आता वक्तृत्व स्पर्धांना नेते. सौ.ने तिच्या हातावर मोदक ठेवला आणि मी सवयीने विचारले, "काय गं, ह्या वर्षी नंबर किती आले?"

"आले दोन. एक मुलगा मात्र मध्येच विसरला, सर. गेल्या वर्षी पहिला आला होता."

मी चाचरत विचारले, "मग तू त्याला काय म्हणालीस?"

"काही नाही. आधी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंयस का? तर खाल्लंच नव्हतं. मग आम्ही दोघांनी स्टँडवर मिसळ खाल्ली."