धुरा आणि सतरंजी

वऱ्हाडात दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्याचं भांडण एकदा लागलं की ते बापाकडून लेकाकडं वारशानं जातं. हातभर जमिनीपायी चुलतभाऊ एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत. द्वेष म्हटलं की आपल्याला दंगली आठवतात. गावातला द्वेष मात्र बहुतेक वेळा असा, ओळखीच्या माणसाचा असतो. तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीला सामुदायिक प्रार्थनेची जी रीत बसवली, ती या ओळखीच्या द्वेषावर नेमकी लागू पडते, असं मला वाटतं. ती चालते कशी, ते पाहू.

महाराजांचा जन्म १९०९ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. गुरुकुंज आश्रम त्यांनी १९३५ मध्ये मोझरीला उभारला, आणि पुढच्याच वर्षी ते सेवाग्रामला गांधीजींजवळ महिनाभर राहून आले. आश्रमातल्या प्रार्थना मंदिरात गेलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे की समोर मूर्ती नाही. आहे ते फक्त अधिष्ठान, म्हणजे मांडलेलं आसन. मूर्ती आली की ती कोणाची, तिची पूजा कोण करणार, पहिला मान कोणाचा, हे प्रश्न मागोमाग येतात. रिकाम्या आसनापुढं त्यांना जागाच उरत नाही.

मग बैठक. सगळ्यांनी ठरलेल्या वेळी, सरळ ओळीत, एकाच सतरंजीवर बसायचं. पाटलाला पुढं लोड-तक्का नाही, मजुराला मागं उंबरठा नाही. ज्या काळात विहीर आणि पंगत जातीनं वाटलेली होती, त्या काळात मांडीला मांडी लावून बसणं हेच अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं काम आवाज करतो. सगळे एका चालीत म्हणू लागले की शेजारच्याच्या श्वासाबरोबर आपला श्वास घ्यावाच लागतो, नाहीतर चाल मोडते. समजा, धुऱ्यावरून अबोला धरलेले दोघं एकाच ओळीत आले. त्यांना कोणी ‘हात मिळवा’ म्हणत नाही, माफी मागायला लावत नाही. चारचौघांत मागायला लावलेली माफी वऱ्हाडी माणसाला शिवीपेक्षा जास्त झोंबते. इथं त्यांनी फक्त रोज शेजारी बसायचं. कधीतरी निघताना तोंडून ‘जय गुरु’ निघतो, आणि अबोल्याला पहिली भेग पडते.

पण महाराजांच्या भजनाला साथ करणारी खंजिरी माणसाला शांतच करते, असं समजायचं कारण नाही. १९४२ च्या पावसाळ्यात महाराज चिमूरला होते. त्यांच्या भजनांनी तिथली पोरं पेटून उठली. १६ ऑगस्टला ‘चले जाव’च्या मोर्चावर गोळीबार झाला, चिडलेल्या जमावानं सरकारी अधिकारी मारले, आणि त्यानंतर गावात घुसलेल्या फौजेनं बायाबापड्यांवर अत्याचार केले. सरकारनं महाराजांना अटक करून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं, डिसेंबरात सोडलं. त्याच चिमूरच्या स्त्रियांसाठी सेवाग्राम आश्रमातल्या गांधीवादी भणसाळींनी ६३ दिवस उपास केला. एकाच गावच्या गोष्टीत दगडही आहे आणि उपासही. मोझरीच्या रीतीबद्दल बोलताना हा भाग गाळणं मला खोटेपणाचं वाटतं. जमावाला एका सुरात आणता येतं, एवढं खंजिरीला ठाऊक असतं. पुढं त्या जमावाचं काय करायचं, ते आधी ठरवून ठेवावं लागतं. १९४३ मध्ये सुरू झालेल्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखा, रोजची प्रार्थना, तिच्या जोडीला ग्रामसफाई आणि श्रमदान, ही सगळी त्याचीच तजवीज. महाराजांच्या ४१ अध्यायांच्या ‘ग्रामगीते’त सामुदायिक प्रार्थनेला स्वतंत्र अध्याय आहे, तो उगाच नाही.

या रीतीचं सर्वांत मोठं रूप पुण्यतिथीला दिसतं. महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. पुण्यतिथी तिथीनं, आश्विन वद्य पंचमीला होते. आठवडाभर गावोगावच्या दिंड्या, पालख्या येत राहतात; भगव्या टोप्यांनी आवार भरून जातं. दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी, त्यांच्या निर्वाणाच्या वेळी, लाखांचा समुदाय जागच्या जागी स्तब्ध होतो. शेजारून जाणाऱ्या नागपूर-अमरावती महामार्गावरची वाहनंही थांबतात. मौनानंतर निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात. क्रम मौन आधी आणि शब्द नंतर असा आहे, आणि मला तो फार विचारपूर्वक ठेवलेला वाटतो. आधी शब्द आले असते, तर ऐकणाऱ्यानं मनातल्या मनात आपला कोणता आणि परका कोणता, अशी वाटणी केली असती. गप्प उभ्या माणसाजवळ वाटण्यासारखं काही नसतं.

मग गर्दी पांगते. एस.टी. धरायची घाई, पोरांची शोधाशोध, चपलांचा ढीग. धुऱ्यावाले दोघं एकाच गाडीनं गावी परततात. धुरा मात्र मोजणीवाल्याला बोलावूनच मोजावा लागतो. फरक एवढाच की टेप धरायला आता दोन्हीकडून माणूस मिळतो.