सोर्समधून पायथन : एका रात्रीचे उपद्व्याप

मित्रांनो, आधीच सांगतो, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सोडून द्या, कमांड्स तेवढ्या नीट वाचा.

प्रोजेक्टच्या डेमोला तीन दिवस उरले होते. माझ्या लॅपटॉपवर उबंटू २२.०४, त्याच्यासोबत येतं पायथन ३.१०, आणि पार्टनरचा कोड ३.१२ वर लिहिलेला. रूममेट म्हणाला, "अरे, सोर्स उतरव आणि कंपाइल कर, दहा मिनिटांचं काम!" ते दहा मिनिटांचं काम रात्री तीनपर्यंत चाललं.

गिदो व्हान रॉसम यांनी १९९१ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला हा इंटरप्रिटर मुळात सी भाषेतला एक प्रोग्रॅम आहे. सोर्स म्हणजे त्याच्या फाइल्सचा गठ्ठा, साधारण २० एमबीचा टारबॉल. तो उलगडायचा, फोल्डरमध्ये जायचं आणि 'कॉन्फिगर' ही स्क्रिप्ट चालवायची. ती तुमच्या मशिनची झडती घेते : कंपायलर आहे का, कुठल्या लायब्ररी आहेत वगैरे. त्यावरून ती मेकफाइल लिहिते. मग 'मेक' म्हटलं की जीसीसी कामाला लागतो आणि लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो.

खरी गोम कॉन्फिगरमध्येच आहे. एखादी ऐच्छिक लायब्ररी सापडली नाही तरी ते थांबत नाही, त्या मॉड्यूलशिवाय पुढे जातं. 'मेक'च्या शेवटी न सापडलेल्या मॉड्यूल्सची यादी येते. मी ती वाचलीच नाही. (परीक्षेच्या पेपरवरच्या सूचना कोण वाचतं?) मग इन्स्टॉल करताना झीलिब नाही म्हणून रडारड. ते आणलं, पुन्हा सगळं केलं, तर पिप म्हणतं एसएसएल नाही. म्हणजे पायथन आहे, पण नेटवरून एकही पॅकेज उतरत नाही!

गंमत म्हणजे या लायब्ररी मशिनवर होत्याच. नव्हत्या त्या त्यांच्या हेडर फाइल्स. लायब्ररी वापरणाऱ्या तयार प्रोग्रॅमला हेडर लागत नाही, कंपायलरला लागतं. उबंटूत ते '-डेव'ने संपणाऱ्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतं. तेव्हा बिल्ड-इसेन्शियलबरोबर झीलिब, एसएसएल, एफएफआय, रीडलाइन आणि एसक्यूलाइट यांची डेव पॅकेजेस आधीच टाका. नंतर टाकलीत तर 'मेक क्लीन' करून कॉन्फिगरपासून परत सुरू करा, कारण झडती जुनीच असते. रीडलाइन विसरलात तर वरचा बाण दाबल्यावर आधीची ओळ येण्याऐवजी चित्रविचित्र अक्षरं उमटतील.

एवढं झाल्यावर गप्प बसायचं ना? पण मला 'पायथन३' टाइप केल्यावर नवीनच यायला हवं होतं. म्हणून मी यूएसआर-बिनमधली सिमलिंक ३.१२ कडे वळवली. झालं! टर्मिनल उघडेना. या उबंटूत टर्मिनल सुरू करणारी स्क्रिप्टच पायथनमध्ये आहे, आणि तिला लागणारं मॉड्यूल ३.१० साठी बनवलेलं. टर्मिनलशिवाय दुरुस्ती कशी करणार? शेवटी सीनियर दादांना उठवलं. त्यांनी जांभई देत कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं, टेक्स्ट कन्सोलमध्ये लॉगिन केलं आणि सिमलिंक परत ३.१० कडे फिरवली. एका ओळीचं काम.

म्हणून सिस्टिमच्या पायथनला हात लावू नका. कॉन्फिगरला 'प्रीफिक्स' देऊन आपल्या होम फोल्डरमधली जागा सांगा, आणि 'मेक इन्स्टॉल'ऐवजी 'मेक ऑल्टइन्स्टॉल' वापरा. मग फक्त 'पायथन३.१२' नावाची कमांड बनते, 'पायथन३' ही बनतच नाही. प्रोजेक्टसाठी त्यातूनच व्हेन्व बनवा, त्याच्या आत 'पायथन३' म्हटलं तरी ३.१२च येतं.

लॅबच्या मशिनवर रूट पासवर्ड नसला तरी ही होम फोल्डरची युक्ती चालते. डेव पॅकेजेस मात्र लॅबच्या सरांनाच टाकायला सांगावी लागतील. टारबॉल माझ्या पेन ड्राइव्हवर आहे. होस्टेलचं नेट गेलं असेल तर घेऊन जा, पेन ड्राइव्ह तेवढा परत आणा.