पायाखालची नक्षी

सार्वजनिक इमारतीत शिरणारा मनुष्य छताकडे पाहतो. सहस्रावधी पावलांचा भार सोसणाऱ्या जमिनीकडे क्वचितच कोणाची दृष्टी जाते. मुंबईस भायखळ्यात १८७२ साली जनतेला खुल्या झालेल्या, व पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव लाभलेल्या वस्तुसंग्रहालयाची जमीन इंग्लंडहून आणविलेल्या मिंटन फरश्यांची आहे. जीर्णोद्धारानंतर ही वास्तू २००८ साली पुन्हा उघडली.

अशा फरशीवरील नक्षी रंगविलेली नसते. एका मातीच्या खाचांत निराळ्या रंगाची माती भरून दोन्ही एकत्र भाजतात. म्हणून पृष्ठभाग झिजला तरी आकृती टिकते. मात्र ही रंगीत माती काही मिलिमीटरच खोल असते. झीज सपाट करण्यासाठी घासयंत्र फिरविले, की शतकभराच्या पावलांनी जे नेले नाही ते एका दिवसात जाते! आम्लाने धुणे त्याहून घातक, कारण सांध्यांतील चुना विरघळतो. जाणता कारागीर फुटलेली तेवढीच फरशी उचलतो, खालचा थर कोरडा व घट्ट असल्याची खात्री करतो, आणि सांध्यात फरशीहून मऊ मसाला भरतो. कडक सिमेंटाच्या ताणाने तिची कडाच तुटते. वर्दळीच्या जागी हे काम रात्री, तुकड्यातुकड्याने करावे लागते, आणि व्यवस्थापकांना तेवढा धीर नसतो.

पोर्ट लुई येथील आप्रवासी घाटाच्या सोळा दगडी पायऱ्या चढून शर्तबंद मजूर आत शिरले. त्या पायऱ्या कोणी घासून चकचकीत कराव्यात, ही कल्पनाही सहन होत नाही.