४५५ फोटोंमागे एक वाघ

२०१८च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी टिपलेले फोटो होते ३,४८,५८,६२३. त्यांत वाघाचे किती? ७६,६५१. भागाकार करून बघा. साधारण ४५५ फोटोंमागे वाघाचा एक!

वन्यजीव छायाचित्रणाला आवड हवी, संयम हवा, हे आपण नेहमी ऐकतो. पण हा संयम म्हणजे नेमकं काय? संशोधनात उतरायची तयारी करत असाल, तर विषय कुठलाही असो, या कॅमेऱ्यांकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

सुरुवात कुठून झाली?

एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हे ब्रिटिश काळात संयुक्त प्रांतात वनाधिकारी होते. वाघाची शिकार हा प्रतिष्ठेचा मामला होता, त्या काळात त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा निवडला. ते वाघाच्या वाटेवर बारीक तार लावत. जनावराचा पाय तारेला लागला की फ्लॅश पेटायचा आणि जनावर स्वतःचाच फोटो काढून घ्यायचं. तार एकदा ओढली गेली की तो कॅमेरा त्या रात्रीपुरता संपला, मग ती वाघाने ओढलेली असो की साळिंदराने. १९२५ साली त्यांचे वाघांचे फोटो 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये छापून आले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि त्यांवरून तो ओळखता येतो, हेही अशा फोटोंमधूनच दिसू लागलं.

पण ओळखणं वेगळं आणि मोजणं वेगळं. भारतात पुढे कित्येक वर्षं वाघ मोजले गेले ते पाऊलखुणांवरून. ठसा बघून 'हा अमुक वाघ' असं ठरवायचं. त्यात किती चूक होऊ शकते, हे २००५मध्ये राजस्थानातल्या सरिस्काने दाखवून दिलं. कागदावर वाघ होते, जंगलात एकही उरला नव्हता. आकडा चुकला की काय होतं, याचं इतकं कडू उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

न दिसलेले वाघ कसे मोजायचे?

उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकात नागरहोळेत कॅमेरा ट्रॅपला संख्याशास्त्राची जोड दिली. १९९५मध्ये त्यांचा यावरचा शोधनिबंध आला. मूळ कल्पना सोपी आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, पहिल्या फेरीत २० वेगवेगळे वाघ कॅमेऱ्यात आले. दुसऱ्या फेरीत १५ आले आणि त्यांतले १० आधीचेच निघाले. म्हणजे पहिल्या फेरीतल्या २०पैकी निम्मे पुन्हा दिसले. याचा अर्थ, दुसऱ्या फेरीत आपल्याला साधारण निम्मेच वाघ सापडतायत. मग १५ हे निम्मे असतील, तर एकूण किती? ३०. प्रत्यक्ष ओळखले २५, अंदाज ३०चा. जे पाच कधीच समोर आले नाहीत, त्यांनाही हिशोबात जागा मिळाली! प्रत्यक्षातली प्रारूपं यापेक्षा बरीच गुंतागुंतीची असतात, पण गाभा हाच.

आता आपल्याकडची बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची गणना आठवा. मचाणावरची ती रात्र अनुभव म्हणून भारीच. पण एकच अस्वल दोन पाणवठ्यांवर गेलं तर? एखादं त्या रात्री आलंच नाही तर? पट्ट्यांसारखी ओळखीची खूण नसेल आणि फेरी एकच असेल, तर 'किती दिसले' यावरून 'किती आहेत' हे सांगता येत नाही.

संयम लागतो तो इथे

फोटोग्राफरचा संयम एका क्षणासाठी असतो. संशोधकाचा संयम शिस्तीसाठी लागतो. वाघाचे डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. एक बंद पडला तर तो वाघ अर्धवटच ओळखला जातो. कॅमेऱ्यासमोरचं गवत कापलं नाही, तर उन्हात तापून वाऱ्यावर हलणारी पाती शेकडो रिकामे फोटो काढून ठेवतात. आजचे बहुतेक कॅमेरे प्राण्याचं अंग आणि मागची पार्श्वभूमी यांच्या तापमानातल्या फरकावर चालतात. विदर्भातल्या मे महिन्याच्या दुपारी तो फरकच कमी होतो आणि समोरून गेलेला प्राणीही निसटू शकतो. शिवाय सर्वेक्षणाचा काळ मर्यादित ठेवावा लागतो, कारण तो लांबला तर मधेच वाघ मरतात, नवे येतात आणि हिशोबाचं गृहीतकच कोसळतं.

म्हणून कुठला कॅमेरा किती दिवस चालू होता, कधी बंद पडला, याची नोंद वाघाच्या फोटोइतकीच महत्त्वाची. चालू कॅमेऱ्यासमोरून वाघ गेला नाही, ही माहिती आहे. कॅमेरा चालू होता की नाही हेच माहीत नसेल, तर ती नुसती रिकामी जागा.

२०१८च्या त्या ७६,६५१ फोटोंमधून अखेर २,४६१ वेगवेगळे वाघ ओळखले गेले. देशाचा अंदाज आला २,९६७, आणि त्यासोबत २,६०३ ते ३,३४६ असा पल्लाही दिला गेला. बातम्यांत फक्त मधला आकडा आला. तुम्ही मात्र पल्ला वाचायची सवय लावून घ्या. आपल्याला किती माहीत आहे आणि किती नाही, हे त्यातच लिहिलेलं असतं.

तुमच्या विषयात

तुम्ही मुलाखती घेणार असाल, जुनी दप्तरं चाळणार असाल किंवा प्रयोगशाळेत काम करणार असाल, माहिती गोळा करण्याआधी तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. मला जे दिसणार नाही, ते का दिसणार नाही? काहीच हाती लागलं नाही, तर त्या दिवसाची नोंद मी कशी ठेवणार? आणि तीच गोष्ट पुन्हा समोर आली, तर ती मला ओळखता येईल का?

आवड तुम्हाला जंगलापर्यंत नेते. उरलेल्या ४५४ फोटोंचं काय करायचं, हे मात्र निघण्याआधीच ठरवावं लागतं.